एका गृहिणीचीं उत्तरें

घरांतील कर्ता पुरुष गेला म्हणजे त्याच्याविषयीं लिहिण्यासारखें पुष्कळ सांपडतें. त्यानें कोठें नोकरी केली, कोणत्या सालीं घर बांधलें, कोणत्या संस्थेला देणगी दिली, हें सर्व कोठें ना कोठें नोंदलेलें असतें. परंतु त्याच घरांतील आई गेली म्हणजे लेखणी अडते. ती प्रेमळ होती, कष्टाळू होती, सोशिक होती, आल्यागेल्याला तिनें कधीं कांहीं कमी पडूं दिलें नाहीं, एवढें लिहून झालें कीं मजकूर संपतो. हीं विशेषणें खोटीं नसतात. पण तीं कोणत्याहि घरच्या कोणत्याहि आईच्या तसबिरीखालीं लिहितां येतील अशीं असतात. आणि जें सर्वांनाच लागू पडतें त्यानें एकीचीहि ओळख पटत नाहीं.

जिच्या हातचें आपण वर्षानुवर्षें जेवलों, तिच्याविषयीं पांच विशेषणांपलीकडे आपणांस कांहीं सांगतां येऊं नये, हें खरोखर नवल आहे. त्या माउलीच्या आयुष्यांत सांगण्यासारखें कांहीं नव्हतें, हें त्याचें कारण नव्हे. कारण इतकेंच कीं, तिला कोणीं कधीं कांहीं विचारलें नाहीं. ती काय करते हें सर्वांनीं पाहिलें. तें ती तसेंच कां करते, हें विचारण्याची गरज कोणास वाटली नाहीं. तिचें काम घरच्या उपयोगीं पडलें आणि तिचा विचार तिच्याबरोबर गेला.

ह्या महिन्यांत आम्ही वाचकांपुढें जिचें स्मरण ठेवीत आहोंत, ती गृहिणी ह्या बाबतींत भाग्यवान होती. रुक्मिणीबाई भावे ह्या विनोबांच्या मातोश्री. मुलगा थोर झाला म्हणून आईचें नांव राहिलें, असें कोणी म्हणेल, आणि तें अंशतः खरेंहि आहे. परंतु थोर पुरुषांच्या कितीतरी माता केवळ नांवानेंच आपणांस ठाऊक आहेत. रुक्मिणीबाईंचें तसें झालें नाहीं. त्यांच्या घरांत एक मुलगा असा होता कीं, जो आईला पदोपदीं प्रश्न विचारी, तिच्याशीं वाद घाली आणि तिनें दिलेलें उत्तर जन्मभर विसरत नसे. त्यामुळें ह्या बाईंच्या विशेषणांऐवजीं त्यांचीं उत्तरें आपल्या हातीं आलीं आहेत.

तारखांनीं सांगतां येण्यासारखें त्यांचें चरित्र अगदीं थोडें आहे. त्यांचें माहेर कर्नाटकाकडचें. मराठी अभंगांप्रमाणें कानडी भजनेंहि त्यांना येत. सासर त्या वेळच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यांतील पेण तालुक्यांत, गागोदें नांवाच्या खेड्यांत. तेथें सासरे शंभुराव ह्यांचें देवधर्माचें घर. ११ सप्टेंबर १८९५ रोजीं थोरला मुलगा विनायक जन्मला. आईच्या तोंडीं तो शेवटपर्यंत विन्याच राहिला. पुढें बाळकृष्ण, शिवाजी व दत्तात्रेय हे मुलगे आणि शांता ही मुलगी. पती नरहरपंत बडोद्यास असत. रसायनें व कापडाचे रंग हा त्यांच्या आवडीचा आणि अभ्यासाचा विषय. मुलें जाणतीं होऊं लागल्यावर बिऱ्हाड बडोद्यास गेलें. १९१८ सालीं इन्फ्लुएंझाची जी भयंकर साथ आली, तींत २४ ऑक्टोबर रोजीं रुक्मिणीबाई वारल्या. त्यांचें वय तेव्हां अवघें बेचाळीस वर्षांचें होतें. त्यांनीं व्याख्यान दिलें नाहीं, पुस्तक लिहिलें नाहीं. चूल, देव्हारा, मुलें आणि शेजारपाजार एवढेंच त्यांचें क्षेत्र.

आतां त्यांचीं उत्तरें पाहूं.

रात्रीं सर्वांचीं जेवणें उरकलीं म्हणजे दुधाला विरजण लावण्याचें काम आपल्या सर्वांच्या घरांत असतें. रुक्मिणीबाई विरजण लावतांना देवाचें नांव घेत. मुलानें एकदां विचारलें कीं, दूध बेताचें कोमट असलें आणि विरजण योग्य तेवढें घातलें म्हणजे दहीं लागणारच. मग तेवढ्यासाठीं परमेश्वराला मध्यें आणण्याचें प्रयोजन काय? आईनें सांगितलें कीं, आपल्याकडून करायचें तें सर्व आपण नीट केलेंच पाहिजे, पण दहीं लागतें तें त्याच्या कृपेनें. हें उत्तर भोळें वाटेल. परंतु ज्या बाईनें हजार वेळां विरजण लावलें आहे, तिला तें भोळें वाटणार नाहीं. सर्व तजवीज करूनहि एखाद्या थंडीच्या रात्रीं दहीं लागत नाहीं, हें तिला ठाऊक असतें. आणि उत्तरांतला पहिला भाग विसरून चालणार नाहीं. देवावर भार टाकून भांडें तसेंच ठेवावें, असें त्यांनीं सांगितलें नाहीं. आधीं आपलें काम चोख, मग देव, असा त्यांचा क्रम होता.

दुसरी गोष्ट लक्ष तांदळांची. देवाला एक लाख अक्षता वाहण्याचा नेम त्यांनीं धरला होता आणि रोज थोडे थोडे दाणे त्या मोजून वाहत. नरहरपंत पडले शास्त्रीय वृत्तीचे. त्यांनीं पाहिलें आणि सुचविलें कीं, एक तोळा तांदूळ घेऊन त्यांतले दाणे एकदां मोजावे, त्या हिशेबानें लाख दाण्यांचें वजन काढावें, आणि कमी पडूं नयेत म्हणून वर अर्धा तोळा अधिक घालावे. म्हणजे वेळ वांचेल. हिशेबांत चूक कांहींच नव्हती. बाईंना उत्तर सुचेना, पण मनाला तें पटेना. संध्याकाळीं मुलगा घरीं आल्यावर त्यांनीं त्याला विचारलें. तो म्हणाला कीं, हें मोजणें गणिताचें नाहीं. दाण्यागणिक देवाची आठवण व्हावी, एवढ्यासाठीं तें आहे. आईला समाधान वाटलें आणि तिनें तें पतीस सांगितलें. येथें प्रश्न आईचा आणि उत्तर मुलाचें आहे. नवरा बायकोचा नेम थट्टेवारी नेत नाहीं, तिच्यापुढें युक्तिवाद मांडतो. बायको निरुत्तर होते पण लाजत नाहीं, मुलाला विचारते. आणि मुलगा आईचा भाव शब्दांत मांडून देतो. ज्या घरांत असें बोलणें चालतें, त्या घरांतील बाईला मुकी म्हणतां येणार नाहीं.

शेजारच्या एका घरीं अडचण आली असतां रुक्मिणीबाई तेथें जाऊन स्वयंपाक करून देत. मात्र आधीं आपल्या घरचा स्वयंपाक आटपीत आणि मग शेजारीं जात. मुलाच्या न्यायबुद्धीला हें खटकलें. त्यानें आईला स्वार्थी ठरविलें : आधीं स्वतःच्या मुलांचें, मग परक्यांचें! आईनें हंसून सांगितलें कीं, त्यांचें आधीं करून ठेवलें तर त्यांच्या जेवणाच्या वेळेपर्यंत तें निवून जाईल. त्यांना ऊन ऊन मिळावें म्हणून मी मागाहून जातें. परोपकारावर पानेंच्या पानें लिहिणाऱ्यासहि ही गोष्ट एकदम सुचणार नाहीं. उपकार करणें निराळें आणि ज्याच्यावर करायचा त्याच्या पानावर पडणारी भाजी ऊन आहे कीं निवलेली, हें पाहणें निराळें. हें दुसरें ज्ञान चुलीपाशीं मिळतें.

त्यांच्या घरीं एक गरीब विद्यार्थी राहत असे. शिळें उरलें तर तें त्या स्वतः खात, किंवा विन्याला देत; त्या विद्यार्थ्याच्या पानांत मात्र शिळें कधीं वाढीत नसत. मुलानें पुन्हां हटकलें : सर्वांना सारखें मानावें असें तूं सांगतेस आणि हा भेद करतेस कसा? आईनें भेद कबूल केला. ती म्हणाली कीं, त्याच्या ठिकाणीं मला देव दिसतो आणि तुझ्या ठिकाणीं अजून मुलगाच दिसतो. तुझ्या ठिकाणींहि देव दिसूं लागेल त्या दिवशीं हा भेद राहणार नाहीं. आपल्या एकत्र कुटुंबांतून आश्रित, विद्यार्थी, दूरचे नातलग पूर्वीं पुष्कळ असत. त्यांच्या पानांत काय पडत असे आणि घरच्या मुलांच्या पानांत काय पडत असे, ह्याचा ज्याचा त्यानें आपल्या मनाशीं विचार करावा. सहसा भेद असे तो उलट बाजूनें असे.

एकदां दाराशीं एक धट्टाकट्टा भिकारी आला. बाईंनीं भिक्षा घातली. मुलगा म्हणाला कीं, अशा माणसाला देणें म्हणजे आळसाला उत्तेजन देणें होय. दान पात्र पाहून द्यावें, असें गीताहि सांगते. आईचें म्हणणें असें कीं, दाराशीं येतो तो देवच. त्याची पात्रता ठरविणारे आपण कोण? विनोबा पुढें मोठे पंडित झाले, अनेक शास्त्रें व भाषा शिकले. परंतु आईच्या ह्या म्हणण्याचें खंडन आपणांस सांपडलें नाहीं, असें ते सांगत. गागोद्यास फणस उतरला म्हणजे आधीं गरे शेजाऱ्यांच्या घरोघर मुलांच्या हातीं पोंचते व्हावे आणि मग घरच्यांनीं खावे, अशी ह्याच बाईंची रीत होती. १८ एप्रिल १९५१ रोजीं तेलंगणांतील पोचमपल्ली येथें विनोबांना पहिलें भूदान मिळालें आणि पुढें वर्षानुवर्षें ते गांवोगांव पायीं फिरून जमीन मागत राहिले. द्यावें हा धडा आपण प्रथम आईपाशीं शिकलों, असें ते म्हणत. फणसाच्या गऱ्यांपासून हजारों एकर जमिनीपर्यंतचें अंतर मोठें आहे, पण वाट एकच आहे.

ह्या सर्व गोष्टींत एक समान धागा आहे, तो वाचकांच्या लक्षांत आलाच असेल. मुलानें विचारलें नसतें, तर विरजणाच्या वेळचें नामस्मरण ही केवळ एक संवय ठरली असती. शेजारीं मागाहून जाणें हा स्वार्थ ठरला असता. विद्यार्थ्याला ताजें वाढणें ही पाहुण्यांपुढची रीतभात ठरली असती. करणारीच्या मनांत प्रत्येक गोष्टीला कारण होतें, तें विचारल्यावांचून बाहेर आलें नसतें. आम्हांस असें वाटतें कीं, अशीं कारणें रुक्मिणीबाईंपाशींच होतीं असें नव्हे. तीं बहुतेक घरांतील बहुतेक बायकांपाशीं असतात. त्यांच्या कामाला आपण भक्ति म्हणतों, त्याग म्हणतों, आणि इतके मोठे शब्द वापरल्यावर अधिक चौकशीची जरुरी राहिली नाहीं असें समजतों.

तथापि ह्या आईची मूर्ति करून ती देव्हाऱ्यांत बसवावी, असा आमचा हेतु नाहीं. त्यांच्या आठवणींत कांहीं टोंचणाऱ्या गोष्टीहि आहेत आणि त्या गाळून चालणार नाहीं.

तरुण विनायकानें वैराग्याचा अभ्यास चालविला होता. गादी सोडावी, पायांत कांहीं घालूं नये, उन्हांतान्हांत हिंडावें, असे त्याचे नेम असत. आई तें पाहत होती. एकदां तिनें त्याला बोलून दाखविलें कीं, तूं वैराग्याचा देखावा पुष्कळ करतोस, पण मी पुरुष असतें तर खरें वैराग्य कसें असतें तें तुला दाखविलें असतें. हें वाक्य सहज वाचून पुढें जाण्यासारखें नाहीं. त्यांत तक्रार नाहीं, रडगाणें नाहीं. आहे ती आपल्या सामर्थ्याची पक्की जाणीव. आपल्या अंगीं काय आहे हें त्या बाईंना ठाऊक होतें आणि त्याला वाट कोठें मिळाली नाहीं हेंहि ठाऊक होतें. संसार त्यांनीं मनापासून केला, ह्यांत शंका नाहीं. पण संसार हेंच त्यांचें सगळें माप होतें, असें समजण्याचा अधिकार ह्या वाक्यानंतर आपणांस उरत नाहीं. गृहिणीच्या भक्तीचे गोडवे गाणाऱ्या आम्हां लेखकांनीं हें विशेषेंकरून ध्यानांत ठेवावें.

दुसरा प्रसंगहि स्वयंपाकघरांतलाच. आई चुलीपाशीं स्वयंपाक करीत होती. मुलगा शेजारीं बसून कागदांच्या गुंडाळ्या करून जाळीत होता. आईनें विचारल्यावर त्यानें सांगितलें कीं, हीं माझीं परीक्षांचीं प्रशस्तिपत्रकें. मला त्यांचा उपयोग नाहीं. आई म्हणाली कीं, आज नसेल, पण राहिलीं तर काय बिघडतें? मुलानें ऐकलें नाहीं. ह्या ठिकाणीं रुक्मिणीबाई तुमच्याआमच्या घरच्या आईसारख्याच आहेत. मुलाच्या शिक्षणाचे कागद डोळ्यांदेखत चुलींत जातांना कोणत्या आईच्या पोटांत कालवलें नसेल? तरी त्यांनीं हात धरला नाहीं. कांहीं दिवसांनीं, २५ मार्च १९१६ रोजीं, इंटरच्या परीक्षेसाठीं मुंबईस निघालेला हा मुलगा वाटेंत सुरतेस उतरला आणि घरीं पत्र धाडून काशीस गेला. तेथून पुढें तो गांधीजींच्या आश्रमांत गेला.

परंतु त्याच्या आधींची एक गोष्ट सांगावयाची राहिली आहे, आणि आमच्या मतें ती सर्वांत महत्त्वाची आहे. १९१५ च्या सुमारास बडोद्यास एका ठिकाणीं गीतेवर प्रवचनें चाललीं होतीं. रुक्मिणीबाई ऐकावयास जात. एके दिवशीं त्यांनीं मुलाला सांगितलें कीं, संस्कृत गीता मला कळत नाहीं. मराठींतली आणून दे. त्यांची अक्षरओळख बेताची. मुलाच्या मदतीनेंच त्या वाचूं लागल्या होत्या. मुलानें गद्य भाषांतर आणून दिलें, तेव्हां त्यांनीं पद्य मागितलें. वामन पंडितांची समश्लोकी आणून दिली, तेव्हां ती फार कठीण आहे असें सांगितलें. सोपें दुसरें मिळत नाहीं, असें मुलानें सांगितल्यावर त्या म्हणाल्या कीं, मग तूंच कां करीत नाहींस? तुला तें येईल.

येथवर आपण मुलाला विचारतांना आणि आईला उत्तर देतांना पाहिलें. येथें आई मागते आहे. तिनें लुगडें मागितलें नाहीं, दागिना मागितला नाहीं. आपल्या बुद्धीला समजेल असा धर्मग्रंथ आपल्या भाषेंत मिळावा, ही तिची मागणी होती. जें आणून दिलें तें भाविकपणें कपाळाला लावून ठेवलें असतें, तर कोणीं नांवें ठेविलीं नसतीं. पण कळत नाहीं तें कळत नाहीं म्हणून सांगण्याचा आणि कळेल तें मागण्याचा करारीपणा तिच्यापाशीं होता.

ती मागणी तिच्या हयातींत पुरी झाली नाहीं. १९१८ च्या साथींत ती आजारी पडली, तेव्हां मुलगा आश्रमांतून आला. शेवटचा संस्कार भाडोत्री भटजींकडून न करवितां आपण स्वतः करूं, असें त्याचें म्हणणें पडलें. तें वडीलधाऱ्यांस मानवलें नाहीं. म्हणून तो स्मशानांत गेला नाहीं, घरींच गीता वाचीत बसला. ह्यांत कोणाचें बरोबर आणि कोणाचें चूक, ह्याचा निवाडा आम्ही करीत नाहीं. अशा वेळीं प्रत्येक घरांत दुःखाबरोबर मतभेदहि उभे राहतात. आईचें एक लुगडें आणि तिच्या पूजेंतली अन्नपूर्णेची मूर्ति ह्या दोन वस्तु त्यानें जवळ ठेविल्या. लुगडें तो उशाशीं घेई. पुढें खादीचें व्रत घेतल्यावर तें गिरणीचें म्हणून त्यानें साबरमतीच्या प्रवाहांत सोडलें. मूर्तीची पूजा आपल्या हातून नीट होत नाहीं असें पाहून ती त्यानें आश्रमांतील एका श्रद्धाळू बाईंच्या स्वाधीन केली. वस्तु अशा गेल्या. मागणी मात्र राहिली.

७ ऑक्टोबर १९३० रोजीं विनोबांनीं गीतेचें समश्लोकी मराठी रूपांतर लिहावयास घेतलें आणि ६ फेब्रुवारी १९३१ रोजीं तें संपविलें. सातशें श्लोकांच्या ह्या ग्रंथाचें नांव त्यांनीं 'गीताई' ठेविलें. त्या नांवांत गीता आहे आणि आईहि आहे. हें काम आपल्या हातून झालें तें आईच्या विश्वासामुळें, असें ते सांगत. १९३२ सालीं तें प्रसिद्ध झालें आणि तेव्हांपासून लाखों मराठी घरांतून गेलें. ज्यांना संस्कृत येत नाहीं अशा कितीतरी आयाबहिणींनीं तें वाचलें, पाठ केलें, नातवंडांना शिकविलें. जिच्यासाठीं तें लिहिलें, ती मात्र जाऊन बारा वर्षें उलटून गेलीं होतीं.

त्याच १९३२ सालीं विनोबा धुळ्याच्या तुरुंगांत होते. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारीं त्यांनीं गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन केलें आणि तीं प्रवचनें साने गुरुजींनीं उतरून घेतलीं. पुढच्याच वर्षीं, १९३३ सालीं, नाशिकच्या तुरुंगांत साने गुरुजींनीं 'श्यामची आई' लिहिली. १९३५ सालीं ती प्रसिद्ध झाली. गुरुजींच्या मातोश्री यशोदाबाई १९१७ सालींच गेल्या होत्या. दापोली तालुक्यांतील पालगडच्या एका गरीब गृहिणीचें बोलणें आज महाराष्ट्राच्या घरोघर ठाऊक आहे, तें मुलानें ऐकून ठेविलें म्हणून. दोन्ही माता इन्फ्लुएंझाची साथ ओसरण्यापूर्वींच्या, दोन्ही लौकिक अर्थानें अप्रसिद्ध. आणि दोघींच्याहि घरीं एक ऐकणारा कान होता.

तरीहि एक उणीव राहतेच. ह्या दोन्ही आया आपणांस भेटतात त्या मुलांच्या तोंडून. मुलाला आई जशी दिसली, तशी ती आपण पाहतों. रुक्मिणीबाईंना मुलगीहि होती. सासू होती, शेजारणी होत्या. त्यांच्यापाशीं त्या काय बोलत, पहाटे एकट्या बसून काय म्हणत, माहेरची कानडी भजनें म्हणतांना त्यांच्या मनांत काय येई, हें आपणांस कधीं कळणार नाहीं. रमाबाई रानडे ह्यांनीं १९१० सालीं आपल्या आठवणी लिहिल्या. लक्ष्मीबाई टिळक ह्यांचीं 'स्मृतिचित्रें' १९३४ ते १९३६ ह्या काळांत चार भागांत निघालीं. ज्या थोड्या स्त्रियांनीं स्वतः लेखणी धरली, त्यांच्या लिहिण्यांत घरांतलें जें दिसतें तें मुलांच्या लिहिण्यांत येत नाहीं. पण सर्व स्त्रिया लिहीत नाहींत. आणि न लिहिणाऱ्यांच्या बाबतींत तर विचारणाऱ्याचीच वाट पाहावी लागते.

म्हणून आमची वाचकांना एक विनंति आहे. आपल्या घरांत आई असेल, आजी असेल, थोरली काकू, आत्या, मामी असेल, तर येत्या महिन्यांत तिच्यापाशीं निवांत बसावें. काम चाललें असतांना, भाजी निवडतांना, वाती वळतांना बसलें तरी चालेल. किंबहुना तेव्हां ती अधिक मोकळी बोलेल. तिचें माहेरचें नांव, गांव, घर, विहीर, शाळा विचारावी. तिनें किती इयत्ता शिकल्या आणि शाळा कोणत्या कारणानें सुटली, तें विचारावें. तिला येणारीं गाणीं, ओव्या, कहाण्या तिच्याच शब्दांत उतरून घ्याव्या. आपण त्या सुधारूं नयेत. ती जो नेम पाळते, तो कां पाळते, हें विचारावें. विन्यासारखा वादहि घालावा, मात्र उत्तर ऐकण्याच्या तयारीनें घालावा. हें काम केवळ मुलांचें नव्हे. मुली, सुना, नाती ह्यांनींहि करावें, कारण त्यांना ती ज्या गोष्टी सांगेल त्या मुलाला सांगणार नाहीं. कोणत्या दिवशीं, कोणाला, काय सांगितलें, हें वहींत तारीख घालून लिहावें.

शेवटीं एक प्रश्न अवश्य विचारावा : तुला काय हवें होतें, जें मिळालें नाहीं? पहिल्यांदा ती म्हणेल कीं मला काय हवें असणार, सर्व कांहीं आहे. तेवढ्यावर उठूं नये. कदाचित् एखादें तीर्थक्षेत्र असेल, कदाचित् माहेरचें पडकें घर एकदां पाहणें असेल, कदाचित् डोळ्यांना वाचतां येईल अशा मोठ्या अक्षरांतली पोथी असेल. जें असेल तें आपल्या ऐपतीप्रमाणें आणि शक्य तितक्या लवकर द्यावें. गीताईसारखा ग्रंथ सर्वांच्या हातून होणार नाहीं, आणि त्याची अपेक्षाहि कोणी करीत नाहीं. पण मागणारी समोर बसलेली असतांना तिच्या हातांत तिची वस्तु ठेवणें, हें विनोबांसारख्यासहि साधलें नाहीं; तें आपल्यापैकीं पुष्कळांना अजून साधण्यासारखें आहे.